चौकशी तिकिटाची होती

"कुठं जायचंय, मॅडम?"

"झेरॉक्सला."

टेबलामागचा मुलगा हसला नाही. त्यानं फक्त टेबलफॅनचं तोंड माझ्याकडे वळवलं आणि पुन्हा कॉम्प्युटरकडे बघायला लागला. मी लगेच सावध झाले. विनाकारण कुणी कुणाकडे पंखा वळवत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

चूक शेषेरावांची होती. लातूरच्या क्लासेसच्या गल्लीत पानटपऱ्यांपेक्षा झेरॉक्सची दुकानं जास्त, पण मी बॉटनी शिकवते, पेपर मीच काढते, आणि तो फुटू नये म्हणून फक्त शेषेरावांकडे जाते. त्या दुपारी त्यांचं मशीन तापलं. "जरा बाजूला अम्मारच्या दुकानात टेका, तिथं फॅन हाय," म्हणून त्यांनी मला इकडे धाडलं. दुकान प्रवासाच्या तिकिटांचं होतं आणि भिंतीवर एक भलंमोठं पांढरं जहाज लावलं होतं. लातूरला प्यायच्या पाण्याची बोंब, आणि इथं भिंतभर समुद्र... मी बघतच राहिले.

"मुंबईहून सुटतं," तो म्हणाला. "गोवा करून परत."

"दोघांना किती पडेल? मेच्या शेवटी?"

विचारायचं काही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

त्यानं बटणं दाबली, आकडा बघितला आणि मान हलवली. "आज नका घेऊ, मॅडम."

आता तुम्हीच सांगा, तिकीट विकणारा माणूस 'नका घेऊ' म्हणाला तर मनात पाल चुकचुकणार नाही?

माझ्या मनात ती आधीपासूनच मुक्कामाला होती. नांदेडला अब्बूंचं बुक बाइंडिंगचं दुकान आहे. जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं बांधून त्यांनी मक्केला, उमऱ्याला जायचे पैसे साठवले आणि एका एजंटाकडे भरले. फार गोड बोलणारा माणूस. "आजच भरा, उद्या भाव वाढेल," म्हणाला, घरी येऊन शीरखुर्मा खाऊन गेला, आणि एक दिवस दुकानाला कुलूप लावून पसार झाला. अब्बूंनी त्याला शिवीसुद्धा दिली नाही. एवढंच म्हणाले, "आता कुठं जाणं नाही." तेव्हापासून ते घरातून दुकानात आणि दुकानातून घरात. हसणंही जवळजवळ सोडलं त्यांनी.

मला त्यांना समुद्र दाखवायचा होता. आणि खरं सांगू, समुद्रापेक्षाही जास्त मला त्यांना कुणावर तरी भरवसा ठेवून घराबाहेर पडलेलं बघायचं होतं. मीच कुणाकडून फसले असते, तर त्यांनी पुन्हा कधी उंबरा ओलांडला नसता.

"का नको घेऊ?" मी विचारलं.

"आत्ता दिसतोय तो सुट्टीवाल्यांचा भाव. लोक मेच्या सुरुवातीला जातात. शेवटची फेरी टाळतात, समुद्र खवळंल म्हणून घाबरतात. खोल्या रिकाम्या राहायला लागल्या, की कंपनी भाव सोडती. पण फार थांबलं तर खोल्याच संपतात. मधली वेळ पकडायची असती."

"आणि ती तुम्हाला कशी कळणार?"

"रोज बघून."

"म्हणजे मी रोज यायचं?"

"रोज न्हाई..." तो जरा अडखळला. "मंगळवारी या."

"मंगळवारीच का?"

"तुमच्या कागदावर लिहिलंय की. मंगळवारची चाचणी. झेरॉक्सला येणारच तुम्ही."

मी झटकन कागद उलटा केला. आता मात्र तो हसला. हसल्यावर त्याच्या डाव्या गालाला खळी पडते हे मी बघितलं, आणि खळी पडणारी माणसं जास्त फसवतात, हेही स्वतःला बजावलं.

पण मंगळवारी गेले. पुढच्याही गेले.

दर वेळी तो स्क्रीन माझ्याकडे फिरवायचा, बोटानं भाव दाखवायचा आणि म्हणायचा, "अजून न्हाई." एकदा भाव उतरला तेव्हा मी पर्स उघडली, तरी त्यानं हातानंच थांबवलं.

"थोडे आगाऊ ठेवून घ्या," मी म्हटलं. म्हटलं बघू, काय करतो.

"कशाला? तिकीट काढंन तवा द्या."

"तुमचा धंदा कसा चालतो हो?"

"तुमच्यासारखे गिऱ्हाईक कमी हायत, म्हणून चालतो."

"माझ्यासारखे म्हणजे?"

"म्हणजे... पोलिसासारखे."

मी हसू दाबलं आणि खोलीवर येऊन रात्रभर विचार केला. पैसे घेणारा एजंट धोक्याचा हे मला ठाऊक होतं. पैसे न घेणारा तर त्याहून धोक्याचा असणार. याला मग हवंय तरी काय? रमजानच्या एका मंगळवारी रोजा सोडायची वेळ त्याच्या दुकानातच झाली. त्यानं खजुराची वाटी न बोलता माझ्याकडे सरकवली आणि स्वतः तोंड वळवून बसला, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. तो खजूर इतका गोड होता, की माझा संशय दुप्पट झाला. दुधानं तोंड पोळलेल्या घरात ताकच काय, खजूरही फुंकून खातात.

शेवटी मी ठरवलं, चौकशी करायची. सुरुवात शेषेरावांपासून.

"हा बाजूचा... माणूस कसा आहे?"

शेषेरावांनी मशीनचं झाकण उघडंच ठेवलं. "कोन, आमचा अम्मार?"

"हो. म्हणजे, व्यवहाराला."

"लई सरळ."

"असं सगळेच सांगतात. दुकान स्वतःचं की भाड्याचं? कर्जबिर्ज? काही व्यसन? घरी कोण कोण असतं?"

शेषेराव स्टुलावर नीट बसले. "दुकान सोताचं. कर्ज न्हाई. सुपारीसुदिक खात न्हाई बगा. बाप वारला, घरी आता आई अन् तो. किल्लारीकडलं घर भूकंपात पडलं, तवा लातूरला आले हे लोक. ह्यो त्याच्या नंतरचा."

"रागीट आहे का? नाही, म्हणजे उद्या काही वाद झाला तर..."

"वाद तर व्हनारच की. कुनाच्यात होत न्हाई?" शेषेरावांचा चेहरा उजळत चालला होता. "पन तुमच्या घरचं कुनी मोठं मानूस न्हाई का आलं?"

"मोठी माणसं नांदेडला. त्यांना अजून सांगितलं नाही. आधी मी स्वतः खात्री करून घेते."

"बराबर हाय. आजकालच्या पोरी लई हुशार." त्या दिवशी त्यांनी झेरॉक्सचे पैसे घेतले नाहीत.

मग मी औषधाच्या दुकानात विचारलं, आणि अम्मार अधूनमधून जेवायला जायचा त्या मेसमध्येही. दोन्हीकडे माझ्याकडे फार कौतुकानं बघितलं गेलं. मला वाटलं, सावध गिऱ्हाइकाचं कौतुक असेल.

ईद झाली. आणि त्याच आठवड्यात घरमालकीण नीलाबाईंनी मला जिन्यात गाठलं.

"तुझ्या माघारी एक बाई येऊन गेली गं. बुरख्यातली. खोली पायजे म्हनली, पन भाडं इचारलंच न्हाई. भिंतीला बुक्क्या मारून बघितल्या, अन् मग सगळं तुझंच इचारून राहिली. कवा येती, कुनाशी बोलती, भाकरी येती का, चिडती का."

"तुम्ही काय सांगितलं?"

"चिडती म्हनलं. खोटं कशाला बोलू?"

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये ऑफिसवाली सांगायला लागली, की एक बाई भाचीच्या ॲडमिशनसाठी आल्या होत्या. फीचं काही विचारलं नाही, बॉटनीच्या मॅडमचा स्वभाव मात्र खोदून खोदून विचारला. आता माझी खात्री झाली. ही टोळी होती. आधी गिऱ्हाईक जोखायचं, घरदार, येण्याजाण्याच्या वेळा काढायच्या, आणि मग... मग काय, ते मला सुचेना, पण वाईटच असणार.

त्यात अम्मार बदलला. पूर्वी सरळ डोळ्यांत बघून बोलायचा, तो आता टेबलाकडे बघून बोलायला लागला. कडक इस्त्रीचा शर्ट, अत्तराचा वास. मी आत शिरले की हातातलं पेन खाली पडायचं. अपराधी माणूस असाच वागतो. वाईट फक्त एवढंच वाटत होतं, की त्या पडलेल्या पेनाकडे बघून माझंही काळीज धडधडायचं. याच्यावर विश्वास ठेवावा असं मला फार, फार वाटत होतं, आणि म्हणूनच मी ठेवत नव्हते.

मग एका दुपारी त्याचा मेसेज आला. 'आजच या, मॅडम. आता लगेच.'

आजच. लगेच. अब्बूंच्या एजंटाचा अगदी हाच सूर.

मी तास अर्ध्यावर सोडून निघाले. आभाळ काळंकुट्ट झालं होतं, अवकाळी पाऊस येणार हे दिसत होतं, आणि गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत तो आलाच. पत्र्यांवर गारा तडतडत होत्या, पोरं दप्तरं डोक्यावर धरून पळत होती, तापलेल्या रस्त्यातून वाफ निघत होती. मी निथळत दुकानात शिरले. त्यानं कोरडा टॉवेल पुढं केला. मी घेतला नाही.

"ती बाई कोण?"

"कोण बाई?"

"भिंतीला बुक्क्या मारणारी."

अम्मारनं डोळे मिटून घेतले. "अम्मी."

"काय?"

"भूकंपात घर गेलं ना... तवापासून भिंत वाजवल्याशिवाय ती कुठल्याच घरात..."

"मी भिंतीचं विचारत नाही. तुमची अम्मी माझ्या खोलीवर कशाला आली? माझ्या क्लासवर कशाला गेली?"

तो हळूच म्हणाला, "चौकशी आधी तुमच्याकडून आली."

"माझ्याकडून?"

"शेषेरावकाकांनी घरी येऊन पेढे मागितले, मॅडम. म्हणाले, पोरगी सोता चौकशी करून राहिली. घरी कोण, व्यसन हाय का, राग येतो का... मेडिकलवाल्यानं सांगितलं, मेसवाल्यानं सांगितलं. सगळ्या गल्लीला ठाऊक हाय."

मला माझे प्रश्न एकामागून एक आठवायला लागले. 'वाद झाला तर', 'घरच्यांना अजून सांगितलं नाही'... आमच्या भागात अशी चौकशी एकाच कामासाठी करतात. माझे कान असे तापले, की केसांतलं पाणी वाळलं असेल.

"मी तिकिटाची चौकशी करत होते," मी कसंबसं म्हटलं.

"मला माहीत हाय. अम्मीला मी तेच सांगितलं. म्हटलं, मॅडम दुकान तपासून राहिल्यात, मला न्हाई."

"मग?"

"अम्मी म्हणाली, दुकान तपासायला सुपारी खातो का, हे कोण विचारतं?"

बाहेर गारांचा आवाज वाढला. मी टॉवेल घेतला, तोंड लपवायला तरी काहीतरी हवं होतं.

"आणि तुम्ही? तुम्हाला काय वाटलं?"

"मला..." त्याचं पेन पुन्हा खाली पडलं. या वेळी त्यानं ते उचललं नाही. "मला वाटलं, अम्मीचं खरं निघालं तर बरं होईल."

मी टॉवेलची घडी घालायला लागले.

"पण त्यासाठी न्हाई बोलावलं," तो घाईनं म्हणाला आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. "भाव आज तळाला आलाय. दोनच खोल्या राहिल्यात. तुमच्या मोबाइलवरून कंपनीला थेट भरा. मधे मी नको."

"आणि तुमचं कमिशन?"

"राहू द्या. आज तुमच्याकडून पैसे घेतले अन् उद्या दुसरं काही विचारलं, तर तुम्ही म्हणाल, तिकिटासाठी गोड बोलून राहिला होता."

मी माझ्या मोबाइलवर बघितलं. भाव तोच, खोल्या दोनच. सवय जात नाही. मग मोबाइल बाजूला ठेवला आणि माझं कार्ड त्याच्या टेबलावर ठेवलं. मला हा माणूस आवडला होता. कधीपासून ते विचारू नका, पण आवडला होता, आणि आता ते स्वतःपासून लपवायचा मला कंटाळा आला होता.

"तुमच्याकडूनच घेते," मी म्हटलं.

त्यानं अब्बूंचं आणि माझ्या अम्मीचं नाव भरलं, एकेक अक्षर मला विचारून. प्रिंटरमधून तिकिटाचा कागद बाहेर आला तेव्हा आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत होतो, एकमेकांकडे बघायचं धैर्य होत नव्हतं म्हणून.

"उद्या काय विचारणार होतात?"

"अम्मीला नांदेडला पाठवू का, हे."

"अब्बू एजंटाच्या घरच्या माणसाला दारात उभं करणार नाहीत," मी खरं ते सांगितलं. "ते सुखरूप जाऊन परत येऊ देत. मग."

"थांबतो," तो म्हणाला.

मी तिथूनच अब्बूंना फोन लावला. आमच्या घरात दखनी चालते, पण त्यांचं बोलणं मराठीत सांगते. जहाजाचं तिकीट काढल्याचं ऐकताच त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"कुणाकडून काढलंस?"

"एजंटाकडून."

"पैसे दिलेस?"

"दिले."

"बेटा, माणसाची चौकशी तरी केलीस का?"

"पूर्ण केली, अब्बू. दुकान स्वतःचं आहे, कर्ज नाही, व्यसन नाही. घरी फक्त आई आहे. रागीटही नाही. खोटं बोलत नाही, आणि कमिशनसुद्धा नको म्हणत होता, आणि..."

मी थांबले.

"सालेहा," अब्बू म्हणाले, "ही तिकिटाची चौकशी आहे?"

अम्मार समोर उभा होता, त्याला सगळं ऐकू जात होतं. आणि मग फोनमधून अब्बूंचं हसू आलं, आधी बारीक, मग मोकळं. ते मी इतक्या वर्षांनी ऐकलं, की माझे डोळे भरून आले.

"त्याला म्हणावं, आईला घेऊन नांदेडला ये."

"अब्बू, आधी तुम्ही जाऊन या. परत आलात की मग..."

"ज्याच्या भरवशावर मी समुद्रात जायला निघालो," अब्बू म्हणाले, "त्याला घरात घ्यायला परत यायची वाट कशाला बघू?"

फोन न ठेवताच त्यांनी आत अम्मीला हाक मारली. माळ्यावरची बॅग काढायला सांगत होते.