कोरा दगड

सगुण मास्तर शाळेतल्या चित्रकलेच्या नोकरीतून सुटले आणि त्यांचा एकच नेम झाला. कोवळं ऊन असताना डिचोलीहून स्कूटर काढायची, लाटंबार्शाला काजूच्या टेकडीखाली चित्राचा लाकडी घोडा मांडायचा आणि समोर दिसेल ते तैलरंगात उतरवायचं. तांबडी माती, कौलांची दोन घरं, खाली शेत. घाई कसलीच नाही. घरी लेक सिद्धी, औषधांच्या दुकानात कामाला जायची. तिची आई जाऊन सहा वर्षं झालेली. दोघांना एकमेकांशिवाय कोणी नव्हतं.

त्या दिवशी रंग पुसायचं फडकं घरी राहिलं. कौलं रंगवून झाली, ब्रश लाल रंगानं थबथबलेला. मास्तरांनी इकडंतिकडं बघितलं आणि बांधावरच्या एका काळ्या दगडावर ब्रश पुसला. दोन-तीन फटकारे, बस्स.

दुसऱ्या दिवशी दगडावर लाल जास्वंद होती, आणि पुढं हात जोडून चंद्रभागा. बेळगावकडून रस्त्याच्या कामाला आलेली बाई.

"गुरुजी, हितं द्येव हाय ते ठावंच न्हवतं बगा. रोज ह्याच वाटंनं जाते की मी!"

मास्तर हसले. खरं सांगावं तर बिचारीचा चेहरा पडायचा. ते घोडा मांडायला लागले.

तिसऱ्या दिवशी दगड कोरा होता. तैलरंग आठ-आठ दिवस वाळत नाही. पुसला तरी दगडाच्या भोकांत राहतोच राहतो. इथं डागसुद्धा नव्हता. वर जास्वंदीचं फूल होतं, पण पांढरंफेक. कोणीतरी दुसरं वाहिलं असेल, मास्तरांना वाटलं.

चंद्रभागा मात्र रडकुंडीला आली होती. "द्येव उतरला की ओ गुरुजी. माझंच काय तरी चुकलं."

"चुकलं नाही गं काही," मास्तर म्हणाले, आणि लाल रंगाची नळी अर्धी पिळून त्यांनी आपल्या हातानं दगडाला फासली. बाई निवली. लाल झालेलं दगडाचं अंग आता ओलं चमकत होतं, आणि टर्पेंटाइनच्या वासात कसलासा ओशट वास मिसळला होता. जुन्या विहिरीत वाकून बघितलं की येतो तसा.

घरी येऊन मास्तरांनी भिंतीकडं तोंड करून ठेवलेलं कालचं चित्र फिरवलं. कौलं राखेसारखी करडी. माती करडी. आधीची चित्रं काढली, त्यांतही तेच. हिरवा होता, निळा होता. लाल तेवढा गेला होता.

"बाबा, चहा," सिद्धी दारात आली. मास्तरांचं लक्ष तिच्या पांढऱ्या पडलेल्या ओठांकडं गेलं आणि हातातलं चित्र खाली पडलं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. "फारच कमी आहे. जातंय कुठं ते कळत नाही," म्हणाले, आणि तिला तिथंच ठेवून घेतलं.

उजाडताच मास्तर तडक लाटंबार्शाला. बांधावर शेताचा मालक कृष्णनाथबाब उभा होता, ऐंशीच्या घरातला. दगड पुन्हा कोरा. बाब त्याच्याकडं बघत नव्हता, पाठ करून उभा होता.

"ह्येका लाल कोणी लायलां, मास्तर?"

"मी. चुकून... पहिल्यांदा चुकून."

"आमच्या आज्यान ह्येका तेलाचो थेंब दाखवूक नाय. हात जोडूक नाय. कोणी कायच देवक नाय, म्हणान तो निजलेलो." बाबानं हळू विचारलं, "घरात कोण आसा तुमच्या?"

"मुलगी."

बाबानं डोळे मिटले.

मास्तरांनी पिशवीतल्या सगळ्या लाल नळ्या दगडावर रित्या केल्या. त्यांच्या डोळ्यांदेखत रंग आत मुरला, तापल्या तव्यावर पाणी जावं तसा, फक्त आवाज नव्हता. मग त्यांनी रंग खरवडायची सुरी आपल्याच तळहातावरून ओढली आणि हात दगडावर दाबून धरला.

"माझं घे... तिला सोड."

रक्त वर तसंच राहिलं. उन्हात काळं पडलं. माशा बसल्या.

"तुमचां नको त्येका," बाब पाठमोराच बोलला. "तुमी देणारे. देणाऱ्याक तो हात लावना नाय."

"मग करू काय मी? सांगा ना..."

बाब काठी टेकत शेताकडं चालू लागला. एकदाही वळला नाही.

मास्तर हॉस्पिटलात पोचले तेव्हा भर दुपार होती. खिडकीतून ऊन थेट खाटेवर पडलेलं. सिद्धीला रक्ताची तिसरी पिशवी लावली होती. पिशवीत लाल, नळीत लाल. चेहरा मात्र धुतल्या चादरीसारखा. नर्स दोनदा सुई बघून गेली.

मास्तर स्टुलावर बसले. बांधलेला हात मांडीवर, दुसरा हात त्याच्यावर. जवळ जायचा त्यांना धीर होईना.

बऱ्याच वेळानं सिद्धीचे ओठ हलले. डोळे मिटलेलेच.

"बाबा..."

"आहे गं. इथंच आहे."

"कपाळावरचा हात काढा ना..." ती म्हणाली. "खूप जड लागतोय."