टर्नबुल तळ्याचं पाणी

गुरुवारी दुपारी लॉर्न गुस्ताफसनला एक किरकोळ काम होतं. स्टेडियमच्या मागच्या फाटकावर जायचं, टर्नबुलहून आलेलं पाण्याचं पिंप उतरवून घ्यायचं आणि सही करायची. दहा मिनिटांत उरकणारं काम, पण सकाळपासून त्याने ते तीनदा दुसऱ्याच्या गळ्यात मारून पाहिलं होतं आणि तीनदा ते त्याच्याकडेच परत आलं होतं.

कॅनडातल्या रेजायनाचं हे स्टेडियम फुटबॉलचं. शनिवारी मात्र तिथे आइस हॉकीचा सामना होता, उघड्या आकाशाखाली, तीस हजार माणसांसमोर. त्यासाठी लॉर्न आणि त्याची माणसं नऊ दिवस बर्फ घालत होती. हिरवळीवर ॲल्युमिनियमचे पोकळ पत्रे एकाला एक जोडून पसरायचे, बाहेर उभ्या असलेल्या ट्रकमधून त्यांच्या पोटात गारेगार रसायन फिरवायचं आणि वरून पाण्याचा बारीक फवारा मारत राहायचं. एक थर गोठला की दुसरा. उन्हाची तिरीप आली की पांघरुणं ओढायची, ऊन गेलं की काढायची. एवढं करून जेमतेम दोन इंच बर्फ जमतो. लॉर्नचं आयुष्य त्या दोन इंचांत गेलं होतं आणि त्याला त्याचा माजही होता. दुसऱ्याने घातलेला बर्फ बिअर थंड करायला ठीक आहे, असं तो तोंडावर सांगायचा.

पाण्याचं खूळ जॅनिस प्रूडॉमचं. ती सामन्याची व्यवस्थापक, टोरंटोहून आलेली. जवळच्या एखाद्या तळ्याचं पाणी आणायचं, मैदानाच्या मधोमध ओतायचं, त्याचे फोटो काढायचे. त्या तळ्याकाठच्या पोरांचा संघ सामन्याआधी बर्फावर एक फेरी मारणार. चिठ्ठी टाकून गाव निवडलं आणि निघालं टर्नबुल. लॉर्नचं गाव. पोरांच्या संघाची कप्तान होती ब्रिन, त्याची अकरा वर्षांची नात. तिने फोनवर किंचाळून बातमी सांगितली तेव्हा लॉर्नने "वा वा" म्हटलं आणि फोन ठेवून दिला.

फाटकावर जुनाट पिकअप उभी होती. तिच्यातून ओरिसिया डॅनिलचुक उतरली आणि लॉर्नचे पाय जागीच थबकले.

"तू?"

"मीच. पाणी घेऊन कोण जाणार असं गावाने विचारलं, मी हात वर केला." ती त्याच्याकडे न बघता पिंपाचे पट्टे सोडवत होती.

"कुठून भरलंस?"

"मधोमधून. जिथे माझ्या पोराच्या नावाचा खांब रोवलाय तिथून. बर्फ फोडायला मला चाळीस मिनिटं लागली, लॉर्न. या वयात. तुला त्या दिवशी तेवढी सवड नव्हती."

"ओरिसिया, चौकशी झाली होती. तळाशी झरा आहे, त्याने बर्फ..."

"चौकशी गेली खड्ड्यात." आता तिने मान वर केली. "माझ्या तारासला बाहेर काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तळ्यावर गेले होते. तुझी भोकं मोजायला. तीन होती. तिन्ही काठाला. एकतीस वर्षं मी कोणाला बोलले नाही. म्हटलं, हा स्वतः कधी सांगतो बघू." तिने कागद पुढे केला. "सही कर. सही तुला छान जमते."

त्याने सही केली.

तिचं खरं होतं. टर्नबुलला हिवाळ्यात तळ्यावर सामने होत, आणि खेळण्याआधी एका माणसाने काठाला आणि मधोमध भोकं पाडून बर्फाची जाडी मोजायची, तक्त्यात लिहायची, खाली सही करायची. मग पोरं काठावर येत. पुढचा पोरगा काठी तीनदा बर्फावर आपटे, म्हणजे बर्फ वजन धरेल का असं विचारे, आणि मोजणारा ओरडून सांगे, "धरतंय!" त्याशिवाय बर्फावर पाऊल टाकायचं नाही, हा गावचा नेम. त्या वर्षी वारा असा होता की डोळ्यांतलं पाणी पापण्यांवर गोठत होतं. लॉर्नने काठालाच तीन भोकं पाडली, मधला आकडा मनाने लिहिला आणि शेकोटीकडे पळाला. तारास डॅनिलचुकने काठी तीनदा आपटली. लॉर्न कॉफीचा घोट गिळून ओरडला, "धरतंय!" पोरगं दहा वर्षांचं. मधोमध बर्फ फुटला. बाहेर काढलं तेव्हा त्याच्या एकाच हातात हातमोजा होता. दुसरा हात उघडा होता आणि त्याची नखं फुटलेली होती.

संध्याकाळी फोटोवाल्यांसमोर पिंप ओतलं. पाण्याला शेवाळाचा आणि गंजाचा वास होता. लॉर्नने आयुष्यभर बर्फावर पाणी ओतलं होतं. पाणी पसरतं, धुरकटतं, मग सावकाश आवळतं. हे पाणी पडलं आणि पडल्या जागी गपकन गोठलं. बर्फात खाली दिलेला पांढरा रंग तेवढ्या जागी करडा दिसायला लागला.

"तुझ्या गावचं पाणी पण तुझ्यासारखंच, बॉस," डेल्बर्ट म्हणाला. "कोणात मिसळत नाही." डेल्बर्ट त्याचा बावीस वर्षांपासूनचा जोडीदार, तोंडाचा फटकळ, कामाचा पक्का. एरवी लॉर्नने त्याला शिवी हासडली असती.

शुक्रवारी दुपारी वारा सुटला. भुरभुरता बर्फ आडवा उडू लागला आणि स्टेडियमच्या खुर्च्या, दिव्यांचे खांब, आकाश, सगळं एकाच पांढऱ्या रंगात बुडालं. भर दुपारी हाताच्या अंतरापलीकडे दिसेना. जाडी मोजायची वेळ झाली होती. डेल्बर्ट कडेने निघाला. "मधलं मी मोजतो," लॉर्न म्हणाला.

करड्या डागावर त्याने गुडघे टेकले आणि हातातलं गिरमिट फिरवायला सुरुवात केली. दोन इंचांवर पातं पत्र्याला टेकून टक् असा आवाज येतो. लाखो वेळा ऐकलेला आवाज. दोन इंच झाले. आवाज आला नाही. तीन झाले... पाच झाले... पातं वीतभर लांब होतं, ते मुठीपर्यंत आत गेलं आणि तरी खाली काही लागलं नाही. त्याने ते ओढून काढलं तर मागोमाग काळं पाणी वर आलं आणि शेवाळाचा तोच वास त्याच्या नाकात शिरला. पात्याला पाणवनस्पतीचा एक लांब हिरवा धागा गुंडाळलेला होता.

मग त्याच्या गुडघ्यांखाली कोणीतरी आपटलं. तीनदा. सावकाश. विचारल्यासारखं.

"डेल्बर्ट..." लॉर्नने हाक मारली. "डेल्बर्ट, इकडे ये..."

डेल्बर्ट आला, त्याने लॉर्नच्या टेकलेल्या गुडघ्यांकडे बघितलं, गिरमिटाकडे बघितलं. शेजारीच, चार बोटांवर, स्वतः भोक पाडलं. टक्. दोन इंच. लॉर्नचं भोक तोवर गोठून बुजलं होतं.

"बॉस, किती दिवस झोपला नाहीस?"

"हे शेवाळ बघ."

"पिंपातलं असेल." पण डेल्बर्टने तो धागा हातात घेतला नाही.

लॉर्न थेट जॅनिसच्या खोलीत गेला. "उद्या पोरांना बर्फावर सोडू नका."

"कारण?"

"मध्ये बर्फ धरत नाहीये."

"मोजलास?"

"मोजला. तळ लागला नाही."

जॅनिसने चष्मा काढला. "लॉर्न, तुझ्या बर्फाखाली पत्रा आहे. पत्र्याखाली गवत आहे. तळ कसला लागायचाय? डेल्बर्टने दोन इंच लिहिलेत. तू सही करायची, आणि उद्या ती तुमच्या गावची गंमत करायची, माईकवर. पोरगी काठी आपटणार, आजोबा ओरडणार. लोक रडतील. जमत नसेल तर आत्ता सांग, दुसरा माणूस बघते."

खरं कारण सांगायचं तर एकतीस वर्षांपूर्वीचं सांगावं लागलं असतं. ते त्याच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. लॉर्न भित्रा होता. काठालाच भोकं पाडणारा माणूस तो, अजूनही तसाच होता. त्याने सही केली.

शनिवारी वारा पडला आणि लख्ख ऊन निघालं. तीस हजार माणसं, पायाखाली गरम पाण्याच्या पिशव्या, हातात बिअर. बावीस पोरं बर्फाच्या दारात उभी राहिली, सगळ्यांत पुढे ब्रिन. शिरस्त्राणाखालून तिचं नाक तेवढं दिसत होतं, लाल झालेलं. लॉर्न माईक घेऊन बर्फावर उभा होता. समोरच्या कठड्याला ओरिसिया उभी होती. तिच्या हातात एक लहान लोकरी हातमोजा होता, एकच.

ब्रिनने काठी उचलली. एक, दोन, तीन. सगळं स्टेडियम चिडीचूप झालं.

आणि लॉर्नच्या बुटांच्या तळव्यांना जाणवलं, खालून कोणीतरी तेच विचारत होतं. एक, दोन, तीन.

"नाही धरत," लॉर्न म्हणाला.

भोंग्यांतून तो शब्द स्टेडियमभर गेला. ब्रिन हसली, तिला वाटलं आजोबा मस्करी करतायत.

"नाही धरत! मागे हो, ब्रिन! मी मधलं मोजलं नव्हतं. टर्नबुलला, त्या दिवशी. मी काठालाच मोजलं आणि खोटं लिहिलं. तारासने विचारलं आणि मी धरतंय म्हणालो... मी मोजलं नव्हतं..."

आधी कुजबुज झाली, मग कोणीतरी हुर्यो केली आणि मग सगळेच तुटून पडले. बिअरचे पेले आले, बर्फाचे गोळे आले. "काढा त्या म्हाताऱ्याला!" "दारू उतरू दे आधी!" जॅनिसने माईक हिसकावला. पंच धावले, त्यांनी सगळ्यांदेखत मधोमध गिरमिट चालवलं. टक्. पुन्हा. टक्. दोन इंच, दोन इंच. दोघा रखवालदारांनी लॉर्नच्या काखेत हात घातले आणि त्याला बोगद्याकडे ओढत नेलं. मागे पोरांचा थवा बर्फावर सुटला. त्याने मान वळवून बघितलं. ब्रिन त्या करड्या डागावरून सरळ गेली, वळली, पुन्हा तिथूनच गेली. काही झालं नाही. त्याने जन्मात कधी एवढे आभार मानले नव्हते, आणि कोणाचे मानतोय ते त्याला कळत नव्हतं.

बोगद्याच्या तोंडाशी ओरिसिया आली. "म्हणालास शेवटी," ती म्हणाली. "वाटलं होतं, ऐकलं की बरं वाटेल. नाही वाटत." आणि मोजा खिशात घालून निघून गेली.

सोमवारी डेल्बर्टचा फोन आला. लॉर्नची नोकरी गेली होती, तरी तो गेला. बर्फ फोडून पत्रे उचलायचं काम चालू होतं. मधला पत्रा डेल्बर्टने बाजूला उलटा करून ठेवला होता.

"हातोडीने होत नाही असं," तो हळू आवाजात म्हणाला. "मी करून बघितलं."

पत्र्याला खालच्या बाजूने दोन खोल पोचे होते, वरच्या दिशेने दाबलेले. लहान हातांचे. एका हाताची बोटं दिसत नव्हती, नुसता अंगठा आणि बाकीचा गोळा, लोकरी मोज्यातला हात उमटावा तसा. दुसऱ्याची पाचही बोटं स्पष्ट होती.

तारास वर यायला ढकलत होता, की पोरांसाठी बर्फ धरून होता? लॉर्न डेल्बर्टकडे वळला.

"हा पत्रा पाठवू नको."

"एक पत्रा कमी पडला तर मैदान जुळत नाही, बॉस. जॅनिसबाई ऐकणार नाहीत. दोन आठवड्यांनी टेक्सासात सामना आहे, बर्फ मी घालणार आहे."

"मग मला वचन दे. मधलं तू स्वतः मोजशील. दुसऱ्याला सांगायचं नाही, मनाने लिहायचं नाही."

"दिलं."

दोन आठवडे लॉर्न घराबाहेर पडला नाही. गावात त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं. ब्रिन तेवढी यायची. त्या शनिवारी सकाळी फोन वाजला.

"बॉस..." टेक्सासातून डेल्बर्ट होता. त्याचा श्वास लागला होता. "तुझं पातं किती लांब होतं?"

"वीतभर."

"माझं हातभर आहे. मुद्दाम आणलं होतं. मधोमध सगळं आत गेलंय..."

फोनमधून बारीक आवाज आला. लाकूड बर्फावर आपटल्यासारखा. एक, दोन, तीन.

"पोरं आली का मैदानात?" लॉर्नने विचारलं.

"नाही. फाटकं दुपारी उघडणार. इथे मी एकटाच आहे." डेल्बर्टचा आवाज अगदी खाली गेला. "पण कोणीतरी विचारतंय, बॉस... काय सांगू?"