मागचं डावं

चाकं चार, आणि हॉर्न वाजला पाच वेळा.

टायरवाले मामा दुकानाचं शटर खाली ओढून भाचरांना ही गोष्ट सांगतात, तेव्हा सुरुवात इथूनच करतात. गुरुवार होता. सात वाजून वीस मिनिटं. थंडीचे दिवस, बाहेर मिट्ट काळोख. कॉलेजात शिकवणारी, स्वतःच्या सावलीला दचकणारी ती पोरगी मागच्या डाव्या चाकातल्या हवेच्या सेन्सरपायी आठवड्यात तिसऱ्यांदा दुकानात आली होती. जुन्याची बॅटरी संपली म्हणून नवा बसवला, तरी समोरचा पिवळा दिवा काही विझेना. मामांनी गाडीला नव्याने शिकवायला घेतलं. हातातलं यंत्र एकेका चाकाच्या व्हॉल्व्हपाशी धरायचं; गाडीला त्या चाकाचा नंबर कळला की ती एकदा हॉर्न देते. चार चाकं झाली. चार हॉर्न झाले. यंत्र मामांच्या खिशात गेलं.

आणि पाचवा वाजला.

ती टुणकन मागे सरली. शेजारी तिचा दादा हवा भरून निघायच्या बेतात होता. "अगं, हॉर्न आहे तो, वाघ नाही!" तो खो खो हसला आणि घाटाच्या रस्त्याला लागला.

"मामा, पाच का वाजले?"

"वाजला असेल एखादा जास्तीचा. दिवा विझला ना? मग जा घरी."

आठ वाजून दहा मिनिटांनी तिने बिल्डिंगखाली गाडी लावली. इंजिन बंद केलं आणि खात्री म्हणून स्क्रीनवरचे हवेचे आकडे पाहिले. तीन चाकांपुढे तेहतीस. मागच्या डाव्यापुढे एकतीस.

मग तीस.

ती उतरली. टायर दाबून पाहिला, टणक. संतापून त्याला एक लाथही घातली. फोन लावला.

"मामा, तिसऱ्यांदा वेड्यात काढलंत मला! उभ्या गाडीची हवा उतरतेय म्हणे, आणि टायर दगडासारखा आहे!"

"उद्या ये, बघतो."

"तुमचं उद्या दोनदा बघून झालंय माझं."

"बरं बाई. हवेच्या आकड्याशेजारी तापमान असेल. किती?"

"एकसष्ट... बासष्ट."

मामांनी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"मामा?"

"पोरी... उभ्या गाडीचं चाक तापत नाही. ते चाक पळतंय."

"माझ्यासमोर आहे ते!"

"तुझं नव्हे. मघाशी तुझ्या शेजारी गाडी होती ना... तिच्या चाकाचा नंबर धरला असेल तुझ्या गाडीने."

दादाची गाडी. पण सेन्सरचा आवाका दहा-वीस पावलांचा, आणि दादा एव्हाना घाटात, तीस किलोमीटर लांब.

तिने दादाला फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद पडली. एरवीही तो तिचा फोन पहिल्या झटक्यात घेत नसेच. कालच तिने एका पालीसाठी तीनदा केला होता.

पंचवीस.

पुन्हा लावला. नाही.

बावीस. तापमान ऐंशी.

मामा इथे थांबतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या गाडीला यंत्र लावून पाहिलं. मागच्या डाव्या चाकाचा नंबर तिच्याच चाकाचा होता. दादाच्या चाकाचा नंबर त्या गाडीत कुठेच नव्हता. कधी घेतलेलाच नव्हता.

"मग ते आकडे कुठून येत होते, मामा?" भाचरं विचारतात.

मामा पुढचा आकडा सांगतात.

सोळा.

"उचल ना रे... शिव्या दे, चिडव, काय वाटेल ते कर... पण उचल."

अकरा. रिंग. बंद. रिंग. घाईत नंबर चुकत होता.

आठ वाजून एकतीस.

सात...

शून्य.

तापमानाचा आकडाही गेला. तिने फोन कानाला घट्ट लावला. रिंग. रिंग. रिंग...

उचलला.

नुसता वारा. लांब कुणीतरी हाका मारत होतं.

"दादा?"

"हॅलो," आवाज अनोळखी होता. "ताई, इथे फोनवर 'भित्री भागूबाई' असं नाव येतंय... घाबरू नका. तुम्ही ह्यांच्या कोण?"