पाच मीटरवरची नऊ मिनिटं

"बुडी मारली, तळ पाहिला,
उजेड वरती वाट बघत राहिला.
मधी थांबू नको गे बाय, मधी थांबू नको..."

हा आवाज दुर्वाच्या कानात ती चार वर्षांची असल्यापासून होता. खाडीच्या उथळ पाण्यात आजोने, म्हणजे तिच्या आजोबांनी, तिच्या पोटाखाली आपला खरखरीत तळवा धरला होता आणि तो गात होता. दम धरून बुडी मारायची आणि दम संपत आला की सरळ वर यायचं. तांडेलांच्या घरात पोरं चालायला शिकतात, त्याच्या आगेमागेच हे गाणं शिकतात.

आज दुर्वा बारा वर्षांची होती, होडीच्या कठड्याला रेलून पाण्यात बघत होती, आणि तिचा संशय पक्का होत चालला होता. कूर्मा काहीतरी लपवतो आहे.

कूर्मा म्हणजे कासवाच्या आकाराचा यंत्रमानव. वेळूबंदरच्या समुद्रात पर्यटकांना पाठीवर हवेची टाकी बांधून प्रवाळ दाखवायला नेताना तो सोबत पोहायचा. होडीतल्या छोट्या पेटीतून त्याचा आवाज यायचा. याच मोसमात तो आला आणि त्याने तांडेलांच्या गाण्याच्या उलट नियम आणला. वर येताना पाच मीटरवर दोराला धरून थांबायचं. दोरावरचा ज्याचा त्याचा तांबडा दिवा हिरवा झाला की मगच वर.

बरं, तोही नियम एकसारखा नाही! सकाळच्या पहिल्या खेपेला पाहुणे तीन मिनिटं थांबले, त्यांना खाली नेणारा तिचा भाऊ प्रणितदादाही तीन मिनिटं. दुसऱ्या खेपेला नवे पाहुणे तीन, दादा मात्र पाच. आता तिसरी खेप. पाहुणे तीन मिनिटांत वर येऊन टॉवेल गुंडाळून बसले होते, आणि दादा अजून खालीच.

"कूर्मा, दादाला किती वेळ?"

"नऊ मिनिटं," पेटी शांतपणे म्हणाली.

"नऊ? समुद्र तोच, खोली तीच, अठरा मीटर. मग पाहुण्यांना तीन आणि माझ्याच भावाला नऊ?"

"ए बेटा," चाळीसगावचे बोरसे काका लिंबाची फोड नाकाशी धरून कण्हले, "तुझा भाऊ खाली झोपला का काय? इथं माझं पोट लाटांसंगे फुगडी खेळून राहिलं!"

दुर्वा हसली नाही. तिला परवाची गोष्ट आठवत होती. धक्क्याच्या उतारावर आजो आणि कूर्मा कुजबुजत होते. कूर्मा आपल्या बारीक दिव्याने आजोचा लंगडा पाय तपासत होता. ती जवळ जाताच दोघंही गप्प.

"काय गजाली चालल्यात?" तिने विचारलं होतं.

"काय नाय गे. पावसाच्या," आजो म्हणाला होता. ऐन मार्गशीर्षात!

आणि आज, इतकी वर्षं पर्यटकांच्या होडीत पाऊल न ठेवलेला आजो काठी टेकत येऊन मागच्या फळीवर बसला होता. कोणी काही विचारलं नाही. त्याचा पाय लंगडा का, हेही कोणी विचारत नसे. तरुणपणी माडावरून पडला, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

दुर्वाने हळूच कूर्माची नियंत्रणपाटी उचलली. तिच्यावर एक पिवळी कळ होती. 'थेट वर'. वादळ आलं तर वापरायची. ती दाबली की दोरावरचे सगळे दिवे लगेच हिरवे होणार, आणि दादा दिव्यावर विश्वास ठेवून वर येणार. तिचं बोट कळीवर टेकलं.

तोच एक खरखरीत तळवा तिच्या मनगटावर आवळला.

"नको गे बाय."

"आजो, तो खोटा बोलताहा! तूच शिकवलंस ना, मधी थांबू नको म्हणान?"

आजोने तिच्या हातातली पाटी काढून मांडीखाली ठेवली. पाहुण्यांच्या बर्फाच्या पेटीतून सोड्याच्या दोन बाटल्या काढल्या. लाटांनी त्या चांगल्याच घुसळून निघाल्या होत्या.

"आत बुडबुडे दिसतंत?"

"नाय."

आजोने पहिलीचं झाकण खसकन फिरवलं. फस्स! फेस उसळला आणि बोरसे काकांच्या नव्या टॉवेलवर सांडला. दुसरीचं झाकण त्याने केसभर फिरवलं. सूंऽऽ. थांबला. पुन्हा केसभर, पुन्हा थांबला. झाकण निघालं तेव्हा सोडा बाटलीतच होता.

"आता तू सांग रे कासवा," तो पेटीला म्हणाला. "माझ्यापेक्षा तुझी भाषा बरी."

"बाटलीत वायू दाबाखाली विरघळलेला असतो, साखर पाण्यात दिसेनाशी व्हावी तसा," कूर्मा सांगू लागला. "दाब एकदम गेला की त्याचे बुडबुडे होतात. हळूहळू गेला की तो निमूट निघून जातो. आता दादाकडे बघ. आपण श्वास घेतो त्या हवेत सर्वांत मोठा वाटा नायट्रोजनचा (शरीर वापरत नाही असा वायू, श्वासासोबत येतो आणि जातो). अठरा मीटर खोल पाण्याचा दाब वरच्यापेक्षा जवळजवळ तिप्पट. टाकीतली हवाही तेवढ्याच दाबाने छातीत जाते, आणि नायट्रोजन रक्तात विरघळत राहतो."

"आणि दादा झटकन वर आला तर..." दुर्वा फेसाने ओल्या टॉवेलकडे बघत राहिली.

"तर रक्तात, सांध्यांत बुडबुडे होऊ शकतात. दरवेळी होतीलच असं नाही, पण झाले तर माणूस कायमचा अधू होऊ शकतो. पाच मीटरवर तो थांबतो तेव्हा नायट्रोजन श्वासावाटे बाहेर पडतो. झाकण केसभर फिरवल्यासारखं."

"पण पाहुण्यांना तीनच मिनिटं कशी?"

"तूच विचार कर. पाहुण्यांची आज कितवी बुडी?"

"पहिली."

"दादाची?"

दुर्वाचे डोळे मोठे झाले. "तिसरी! म्हणजे सकाळचा वायू पुरता गेलाच नाही. दुपारचा त्याच्यावर चढला, आत्ताचा त्याच्यावर!"

"बरोबर. मी दादाला अडवत नव्हतो, त्याचा उरलेला वायू मोजत होतो. एक दिवस प्रत्येक पाणबुड्याच्या मनगटावर माझं धाकटं भावंड असेल, रक्तातला पहिला बुडबुडा दिसण्याआधीच सांगणारं."

दुर्वा पाण्याकडे वळली. खाली दोराला धरलेली दादाची सावली हलत होती, तिच्यातून चांदीच्या मण्यांसारखी हवा वर येत होती. किती थोडक्यात तिच्या हातून घडणारी चूक टळली होती! पण एक काटा अजून सलत होता.

"मग आपलं गाणं खोटं?"

"खोटं नाही," कूर्मा म्हणाला. "दम धरून बुडी मारणारा वरची एक छातीभर हवा नेतो आणि मिनिटभरात परततो. एवढ्यात रक्तात कितीसा वायू विरघळणार? ते गाणं त्याचं आहे. टाकीवाल्याचं नाही."

"हे तू परवा आजोला सांगत होतास?"

"ते सांगण्याचा हक्क माझा नाही."

दादाची अजून दोन मिनिटं बाकी होती. दिवा तांबडाच होता. आजोने आपला वाकडा गुडघा दोन्ही हातांत धरला आणि समुद्राकडे बघत बोलायला लागला, कुणी जुनं जाळं उकलावं तसा.

"कंप्रेसर पयल्यांदा गावात इलो तेव्हा मी इकवीस वर्सांचो. होडीवर हवेचा यंत्र, आणि तोंडात लांब नळी. दम धरूक नको. दोन तास तळाक बसान कोळंबीपेक्षा मोठी शेवंडा धरलंय. सगळ्यांपेक्षा जास्त! आणि खुशीत, ह्याच गाणा मनात म्हणत, सरळ वर इलंय." त्याने गुडघ्यावरून तळवा फिरवला. "संध्याकाळपासून हो पाय माझो रवलो नाय. लोकांनी विचारल्यानी. गावातलो सगळ्यात चांगलो बुडीवालो, काय सांगतलो? माडाचा नाव सांगितलंय. परवा ह्या कासवान पाय बघून खरा वळखल्यान."

दुर्वाने त्याचा हात घट्ट धरला. दोरावरचा दिवा हिरवा झाला, आणि दादाचं ओलं डोकं पाण्यातून वर आलं.

"मी माडावरसून पडाक नाय गे बाय," आजो म्हणाला. "आणि गाणा तुका मी अर्धाच शिकवलंय. थांबूचा कधी, ता सांगूकच नाय. उरलेला आता तू रच."