दगडाखालचा नर

मत्स्यसंशोधन संस्थेच्या तळघरातल्या खोलीत तिने अकरा वर्षांत सहाशेहून अधिक मासे चिरले होते. करंगळीएवढा, तपकिरी, डोंगरातल्या नदीतला मासा. आणि प्रत्येकाच्या पोटात अंडाशयच! नर एकही नाही. या जातीत नर नसतोच, असं वरिष्ठांनी लिहायलाही घेतलं होतं. तिला ते पटेना. ही नदी ज्या घळीतून उतरते, तिच्या वरच्या टोकाला आजवर कुणी जाळं टाकलं नव्हतं. तिथे जायचं तिने ठरवलं. सोबतीला कुणी तयार होईना. जोडीने काम करणारी मैत्रीण केव्हाच दुसऱ्या गावी नोकरीला गेली होती. मिळाला तो एक म्हातारा नावाडी, त्यालाही बोलायचा कंटाळा.

दुसऱ्या दिवशी नाव खडकावर आपटली आणि शिधा, कॅमेरा, सगळं वाहून गेलं; उरली तिची हातजाळी आणि त्याचा दोर. तिसऱ्या दिवशी नावाड्याचा पाय मुरगळला. तो कपारीत बसला, दोराचं टोक तिच्या कमरेला बांधलं आणि दोर पुरेल तिथवरच जा, असं त्याने बजावलं.

धबधब्याखाली ती एकटीच गुडघाभर पाण्यात दगड उलटत राहिली. पाण्याच्या घोंगावण्यात तिला स्वतःचा श्वासही ऐकू येत नव्हता. कितीतरी दिवसांत कुणी तिला नावाने हाक मारली नव्हती, हे तिला तिथे, उगाचच, आठवलं.

आणि एक चपटा दगड कलला. खालच्या बाजूला मोहरीएवढी अंडी चिकटलेली! त्यांच्यापुढे एक काळपट, नखाएवढा मासा. पळाला नाही. पर हलवत अंड्यांवर पाणी खेळवत राहिला. माद्या अंडी घालून खाली उतरत होत्या. राखणीला हा इथे राहत होता, म्हणून कधी जाळ्यात आला नव्हता!

तिने जाळी उचलली. एवढ्यात पाणी गढूळ झालं. वर कुठेतरी पाऊस कोसळला होता. पाणी कमरेला लागलं. नावाड्याने दोराला हिसका दिला. हा नर नेला, तर गाळ बसून अंडी गुदमरणार. दगड असाच सोडला, तर सगळंच वाहून जाणार!

तिने जाळी सोडून दिली. दोन्ही हातांनी दगड होता तसा बसवला, वर दुसरा मोठा दगड रेटला. मग तिचे पाय सुटले. लोंढ्याने तिला गरगर फिरवलं, खांदा खडकावर आपटला. दोर ताणला गेला. मुरगळलेला पाय खडकाला टेकवून नावाड्याने तिला हातभर हातभर वर ओढलं.

बराच वेळ दोघं धापा टाकत पडून होती.

"मिळाला?" त्याने विचारलं.

"मिळाला."

"मग कुठंय?"

"पोरांपाशी."

नावाडी दोर गुंडाळू लागला. गुंडाळता गुंडाळता, तीन दिवसांत पहिल्यांदाच, त्याने कामापलीकडचं काही विचारलं, "बाई, किती होती हो पोरं?"

तिने मोजली होती. "त्रेसष्ट," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.