बुधवारच्या जादा खिडक्या

"चारपर्यंत राजीनामा दे म्हणतात, अक्का. आणि मी काही केलेलंच नाही!"

रम्या रडत नव्हती, संतापली होती. बंगळुरातल्या येलहंक्याची ही प्रोग्रामर राजाजीनगरला मथुरा जाधवांच्या घरी पोचली, तेव्हा दुपारचा एक वाजला होता. मथुराअक्का कंपन्यांतल्या भानगडींचा खासगी तपास करत. मामेभाऊ नागोजी सोबत असे. त्याला प्रत्येक गोष्ट दोनदा समजावावी लागे आणि तरी तो भलत्यालाच धरे.

प्रकरण असं होतं. एका नेत्रालयात पेशंटच्या खिडक्यांवर रम्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर केसपेपर काढतं. गेले तीन बुधवार ते अकराच्या सुमाराला अडलं. नोंदीत दर वेळी एकच वाक्य: 'लॉगिन नाकारलं.' डेटाबेसशी जोडणीचा भाग रम्याने लिहिलेला आणि बुधवारी तिथे ड्यूटीही तिचीच. झालं, चोर सापडला! साहेबांनी तिला कोड बघायचीही बंदी केली आणि 'रम्याने मुद्दाम बिघाड केला' असं नेत्रालयाला मेलने कळवूनही टाकलं.

"सगळ्याच खिडक्या अडतात?" अक्कांनी विचारलं.

"नाही ना! नऊला उघडलेल्या दोन चालूच राहतात. बुधवारी मोफत तपासणी असते. गर्दी वाढली की अकराला आणखी तीन उघडतो, त्याच अडतात. इतर दिवशी दोन पुरतात, एकपर्यंत काम आटोपतं."

हेब्बाळच्या ऑफिसात पोचेपर्यंत ट्रॅफिकने दीड तास खाल्ला. अक्कांचं डोकं तिथेच तापलं.

डेटाबेस सांभाळणारा गुरुराज आधीच वैतागलेला होता. "पासवर्ड बंद केलेत, अक्का. आता टोकन, तासाभराचं. नवी जोडणी उघडताना दाखवायचं, बस्स. माझा डेटाबेस सरी आहे, एकदम बरोबर!"

"अडल्यावर काय करता?"

"सॉफ्टवेअर बंद करून चालू. लगेच पळतं. जेवून येऊन खिडक्या उघडल्या की पुन्हा तेच रडगाणं."

"कोड कोण तपासतं?"

"प्रत्येकाचा दुसरा कुणीतरी. साहेबांचा सोडून. त्यांचा कोण तपासणार?"

साहेब, म्हणजे बिंदुमाधव, घड्याळाकडे बघतच बोलले. "स्वल्प लवकर आटपा. एकच गोष्ट दोनदा विचारलेली मला खपत नाही. माणसाने नाही, मशीननेही नाही. गेल्या महिन्यात मी स्वतः बसून सॉफ्टवेअर वेगवान केलं ते त्यासाठीच."

बाहेर येताच नागोजी कुजबुजला, "अक्का, गुरुराजच! दार त्याच्याच हातात आहे."

"गप्प बस, नागोजी."

पावणेचारला अक्कांनी सगळ्यांना एका खोलीत बसवलं.

"लग्नात पंगतीला बसलेल्याला कोणी उठवत नाही. पास विचारतात तो दारात आलेल्याला. नऊच्या दोन खिडक्या पंगतीत बसलेल्या. अकराच्या तीन दारात उभ्या, आणि हातात नऊचंच टोकन! ते दहालाच संपलेलं. बंद करून चालू केलं की ताजं टोकन मिळतं, म्हणून पळतं. जेवणापर्यंत तेही शिळं."

"म्हणजे रम्याने..." नागोजी म्हणाला.

"अरे देवा! रम्याचा कोड तपासला होता, तशी चूक निसटली नसती. न तपासता आत जाणारा माणूस इथे एकच. आणि त्यालाच दोनदा विचारणं खपत नाही. गुरुराज, गेल्या महिन्यातला साहेबांचा बदल उघडा."

गुरुराजने उघडला. रम्याचा कोड दर जोडणीला नवं टोकन मागत होता. साहेबांनी ती ओळ काढून सुरुवातीलाच एकदा मागायची सोय केली होती.

बिंदुमाधव घसा खाकरून म्हणाले, "एका ओळीचा तर प्रश्न! रम्या, दुरुस्त करून टाक. नेत्रालयाला कळवतो, तांत्रिक अडचण होती म्हणून."

अक्का उसळल्या. "दोष देताना नाव आठवलं, आता अडचण आठवते?"

रम्याने त्यांना हाताने थांबवलं. साहेबांचा लॅपटॉप तिने त्यांच्यापुढे सरकवला.

"ओळ मी दुरुस्त करते, सर. पेशंट ताटकळतात. पण तोवर तुम्ही लिहा. त्या मेलमध्ये माझं नाव पहिल्या ओळीत होतं. तुमचंही पहिल्याच ओळीत घाला."

चार वाजले. बिंदुमाधव टाइप करू लागले.