चाळिसावा हात

ट्रेमध्ये चाळीस सिरिंजा होत्या. वीसमध्ये शीर बधिर करणारं औषध, वीसमध्ये नुसतं सलाईन. दिसायला सारख्याच; कशात काय, हे अभ्यास करणाऱ्या तरुण डॉक्टर मुलीलाही ठाऊक नव्हतं. भुलीचं पांढरं औषध शिरेत जाताना आग होते. आधी यातली एक सिरिंज दिली तर ती कमी होते का, एवढाच तिचा अभ्यास. रुग्णाचा डोळा लागायच्या आत ती विचारायची, "दुखतंय?" आणि शून्य ते तीन असा आकडा लिहायची: शून्य म्हणजे काहीच नाही, तीन म्हणजे असह्य.

पहिल्या दहाही जणांचा शून्य आला.

"चार-पाच जणांनी तरी हात झटकायला हवा होता, सर."

"तुझ्या हाताला गुण आहे," भूलतज्ज्ञ सर हसले. "आईवर गेलीस."

आई ऑपरेशनच्या याच खोलीत नर्स होती; सुईवर लावायची चिकटपट्टी कायम अंगठ्याला तयार. तिला जाऊन दोन वर्षं झाली. शेवटच्या सकाळी लेक परीक्षेच्या हॉलमध्ये होती.

अकरावी बाई शुद्धीवर येताच इकडेतिकडे पाहू लागली. "त्या ताई कुठं गेल्या? माझा हात धरला होता त्यांनी."

त्या दोघींखेरीज खोलीत बाई नव्हतीच.

"कसा होता हात?"

"कोमट. अंगठ्याला चिकटपट्टी. मनगट चोळत म्हणाल्या, झालं हं, राणी."

सोळाव्यानेही तेच सांगितलं. बाविसाव्याने तर न विचारता. मग ती दर वेळी रुग्णाच्या मनगटाशी आपला तळवा धरून पाहू लागली. तिथे गार हवा होती.

स्वतःच्या खांद्यावरची गाठ तिने दोन वर्षं अंगावर काढली होती. आता ती भूल घेऊन काढून टाकायची तिला घाई झाली.

"स्वतःच्याच अभ्यासात घुसतेस?"

"गाठ खरी आहे, सर."

सरांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि शेवटची सिरिंज उचलली.

ती आडवी झाली. बोटं पसरून त्या कोमट हाताची वाट पाहिली.

"दुखतंय?"

ती जागी झाली, तेव्हा शेजारच्या टेबलावर एक आजोबा होते. त्यांचा फक्त पाय बधिर केलेला, म्हणून ते सगळा वेळ जागे.

"पोरी, ती बाई कोण गं?"

"कुठली?"

"तुला सुई दिली तेव्हा तुझ्याकडे पाठ करून उभी होती. डोळे गच्च मिटून."

लहानपणी तिला सुई टोचताना आई अशीच उभी राहायची. लेकीचं दुखणं तिला बघवायचं नाही.

तिने तक्ता मागून घेतला. एकोणचाळीस रुग्ण, शून्य. चाळिसावी, तीन.